बट नंबर एकोणचाळीस

आबा आमच्याकडे अमेरिकेत, चँडलरला कायमचे राहायला आले तेव्हा मी त्यांच्यासाठी एक खुर्ची घेतली. पाठ मागे कलते, पाय वर उचलले जातात, अशी महागाची. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं, असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीत आबा बसले नाहीत. निदान माझ्या देखत तरी नाही. सकाळी उठले की दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराशी, काचेतून अंगणातली खडी बघायची आणि परत फिरायचं. बाहेर जावं तर ऑगस्टचं ऊन, सकाळी आठनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मग घरातच येरझाऱ्या. मी घरून काम करत असले की त्यांच्या सपातांचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जायचा. आबा, बसा ना जरा, असं मी म्हटलं की ते बसतो की म्हणायचे आणि चालत राहायचे.

आई गेल्यामुळे असं होत असेल, असं माझा नवरा म्हणाला. त्याला काय माहीत! आई होती तेव्हाही ते असेच होते. सातारच्या बाजूला आमचं गाव, घरटी एकजण सैन्यात. आबाही होते. मांडीत छर्रा घेऊन परत आले आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला लागले. तिथंही स्टूल असून उभेच असायचे. जेवताना एक पाय मोकळा, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. मला लहानपणापासून त्या बूड न टेकणाऱ्या माणसाचा वैताग यायचा. आता माझंही बूड टेकत नाही हे नवरा दाखवून देतो, तेव्हा त्याचाही येतो.

आबांना थोडा थारा मिळाला तो शेजारच्या गॅरेजमध्ये. शेजारी एक एकटे गृहस्थ राहतात, आबांपेक्षा थोडे लहान, पण गुडघे दोघांचेही सारखेच गेलेले. तरुणपणी ते सैन्यात ट्रक दुरुस्त करायचे. मेजर-बिजर काही नव्हते, पण आबांनी पहिल्या दिवशी सॅल्यूट ठोकून त्यांना मेजर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मेजरना जुन्या सैनिकी रायफली जमवायचा नाद. गॅरेजच्या आतल्या भिंतीला एक लोखंडी कपाट, त्याला जाडजूड कुलूप, आत रायफली ओळीनं उभ्या. आबांना इंग्रजी येत नाही आणि मेजरना दुसरं काही येत नाही. तरी हे दोघे तासन्‌तास बोलायचे. सेफ्टी, मॅगझिन, ऑल करेक्ट, एवढ्या भांडवलावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

माझं म्हणणं एकच होतं: बंदूक माझ्या घरात येणार नाही. तिकडे जाऊन काय बघायचं ते बघा.

मेजर दुपारचे टॅब्लेटवर लिलाव बघत बसायचे. जुन्या रायफलींचे लिलाव इथं ऑनलाइन चालतात, जसे जुन्या गाड्यांचे किंवा नाण्यांचे. विकणारा दहा-वीस फोटो टाकतो, खाली भरमसाट वर्णन लिहितो, आणि घड्याळ उलटं फिरू लागतं. एका दुपारी आबा तिथून परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. मी हेडफोन लावलेला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या कानावरून काढला, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"तुला खोटा माल वळखता येतो न्हवं?" ते म्हणाले. "मग एक रायफल बघ. माझी हाय का न्हाई, एवढंच सांग."

खोटा माल ओळखणं हा माझा धंदाच आहे. मी चिप तपासते. मोडीत निघालेल्या यंत्रांमधून जुन्या चिप उपटायच्या, वरचा थर घासून नंबर घालवायचा, नवा नंबर छापायचा आणि नवी म्हणून विकायची, हा उद्योग जगभर चालतो. आमच्या लॅबमध्ये असा माल येतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली घासल्याच्या रेघा शोधते, आकड्यांचं वळण बघते, कडेला जुन्या रंगाचा कण उरलाय का बघते. वीस वर्षं हे केल्यावर माणूस बिघडतो. बाजारात आंबा घेतानाही मी तो उलटा करून बघते. पण रायफल मी आयुष्यात हातात धरली नव्हती.

मेजरनी लिंक पाठवली. थ्री-नॉट-थ्री, हिंदुस्थानातल्या कारखान्यात बनलेली, हिंदुस्थानी सैन्यानं मोडीत काढल्यावर जहाजानं इथं आलेली. अशा इथं हजारो आल्या म्हणे आणि एकेकाळी भंगाराच्या भावानं गेल्या. विकणाऱ्यानं मात्र जी किंमत लावली होती तीत बरीशी वापरलेली गाडी आली असती. का, तर सगळे नंबर जुळतात, म्हणजे रायफलीचा प्रत्येक भाग मूळचाच. शिवाय दस्त्यावर रक्ताचे डाग. मरणाऱ्या जवानाच्या बोटांचे ठसे, असं त्यानं लिहिलं होतं आणि त्या डागांचेच फोटो सगळ्यात जास्त टाकले होते.

मी फोटो मोठा केला. दस्त्याच्या लाकडावर, खांद्याला टेकतो त्या टोकाच्या जरा अलीकडे, काळपट लाल चार ठिपके एका ओळीत आणि शेवटी एक फराटा. वर पितळी चकती, तिच्यावर आकडा: एकोणचाळीस.

"त्ये रगात न्हवं," आबा माझ्या खांद्यावरून म्हणाले. "कुंकू हाय. मीच लावलंय."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्यानंच सांगितलं. मी पन्नाशीला आले, इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे, आणि मला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

आघाडीवरच्या एका चौकीत असताना दसरा आला. पलटणीत दसऱ्याला हत्यारांची पूजा चुकत नाही. रायफली ओळीनं मांडल्या, झेंडू कुठला मिळायला, रानातली कसलीशी पिवळी फुलं आणली. पाणी लांबून आणावं लागायचं, ते प्यायला पुरत नव्हतं. म्हणून आबांनी कुंकू जवसाच्या तेलात कालवलं. ते तेल रायफलीच्या लाकडाला चोपडायला मिळायचं. त्यात अनामिका बुडवून त्यांनी आपल्या रायफलीला पाच टिकल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचं कुंकू पुसलं गेलं. आबांचं तेलाबरोबर लाकडात मुरलं होतं, ते काही केल्या जाईना. सुभेदारानं शिव्या घालून विटेच्या भुकटीनं घासायला लावलं. घासून घासून एका टिकलीचा फराटा झाला, चार होत्या तशाच राहिल्या. मग सगळी चौकी त्यांच्या रायफलीला सवाष्ण म्हणायला लागली. एकोणचाळीस नंबरची सवाष्ण कुठं हाय, तिला हळदीकुंकवाला बोलवा, असं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तोफांचा मारा झाला आणि आबांच्या मांडीत छर्रा गेला. त्यांना उचलून नेलं. शुद्धीवर आले तेव्हा इस्पितळात होते आणि रायफल नव्हती. कुणी उचलली, राहिली कुठं, शत्रूच्या हाती लागली का, काही कळलं नाही. चौकशी झाली. जखमी माणसाला कोण दोष देणार, शिक्षा काही झाली नाही. पण सैनिक रायफल घेतो ती कोतातून, म्हणजे पलटणीच्या कुलूपबंद हत्यारखान्यातून, आणि परत करतो तीही तिथंच. आबांच्या नावावर एक रायफल घेतल्याची नोंद होती, परत केल्याची नव्हती. पुढं पाय अधू म्हणून त्यांना घरी पाठवलं, तेव्हाही नव्हती.

गावात त्यांच्या चुलतभावानं एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं, हा हत्यार टाकून आला. बस, एवढंच. तो चेष्टेतच म्हणाला असेल. चेष्टा गावभर झाली आणि आबा पंगतीतून उठले.

मला एकदम कितीतरी गोष्टी आठवल्या. बँकेत बंदूकवाल्या पहारेकऱ्याची नोकरी चालून आली होती, पगार दुप्पट होता, आबा नको म्हणाले आणि आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. दसऱ्याला घरात आमची पुस्तकं, आईचं शिवणयंत्र, विळा, कोयता, सगळं पाटावर मांडलं जायचं. चुलते त्यांच्याकडची जुनी तलवार आणायचे. ती पाटावर ठेवली की आबा हळूच उठून गोठ्यात जायचे, म्हशीला वैरण टाकायला. आम्ही हसायचो, आबांची म्हैस नेमकी पूजेलाच कशी उपाशी राहते म्हणून.

तेव्हा आता हे लक्षात आलं असेल की मला ती रायफल नुसती बघून चालणार नव्हतं.

मी कामाला लागले तशी चिडचिडही वाढली. मेजरनी मला कुठं बघायचं ते शिकवलं. या रायफलीत एकच नंबर अंगावर, नळीवर, पुढच्या लाकडावर आणि गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टच्या मुठीवर मारलेला असतो. सगळीकडे सारखा असेल तर किंमत चढते. विकणाऱ्याच्या फोटोत दिसत होता तेवढा सारखा होता खरा. पण बोल्टवरचा आकडा मी मोठा करून पाहिला आणि मला हसूच आलं. तिथलं लोखंड सपाट घासलेलं, बाजूच्या गोलाईत खड्डा पडलेला, आणि सातच्या आकड्याचं वळण नळीवरच्या सातापेक्षा वेगळं. जुना नंबर घासून नवा ठोकलेला. आमच्याकडच्या चिपवर हेच चालतं, फक्त इथं हातोडा वापरलाय. नेम धरायची पट्टी नवी कोरी. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळली होती. हातबॉम्ब फेकायच्या रायफलींना सैन्यात तशी तार असायची आणि तशी रायफल महाग जाते. पण ही तार नव्या पैशासारखी चकाकत होती आणि तिच्या टोकांना झाळलेला डाक कालचा वाटावा इतका ताजा. आणि नंबराचे शेवटचे आकडे, अंगावरचे काय नि बोल्टवरचे काय, प्रत्येक फोटोत त्याच्या अंगठ्याखाली झाकलेले. आकडे झाकायची इथं पद्धतच आहे, चोरांच्या भीतीनं, असं मेजर म्हणाले. मला ते पटलं नाही. झाकणाऱ्यावर माझा विश्वास नसतो.

किमतीचंही मेजरनी समजावलं. मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. संपलेले लिलाव उघडायचे आणि खरंच विकली गेली ती काय भावानं गेली ते बघायचं. तशा रायफली याच्या चौथ्या हिश्शात गेल्या होत्या. वरचे तीन हिस्से रक्ताचे, म्हणजे कुंकवाचे.

पण एका जागी मी अडकले. दस्ता आणि लोखंड जिथं भेटतात तिथं दस्ता नीट बसलेला नव्हता, एका बाजूला फट होती. लाकडाचा रंगही पुढच्या लाकडापेक्षा गडद. म्हणजे दस्ताही बदललेला. मात्र लोखंडावरचा जुना काळा रंग त्या फटीवरून लाकडावर ओघळला होता आणि वाळून त्याला बारीक तडे गेले होते. हा रंग हिंदुस्थानी सैन्यात शेवटी शेवटी लावत, हे मेजरना माहीत होतं. तेव्हा बोल्ट, तार, पट्टी यांची लबाडी इथली आणि अलीकडची. दस्ता मात्र त्या रंगाच्याही आधी, तिकडेच कुठल्यातरी सैन्याच्या कारखान्यात बसवलेला. हे मी लॅबमध्ये टिपून ठेवते तसं डोक्यात टिपून ठेवलं आणि त्याचा अर्थ लावायला विसरले. रागात असलं की माझं असं होतं.

आबांना आपल्या रायफलीच्या अंगावरचा नंबर तोंडपाठ होता. आईचा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, हा राहिला. मेजरनी विकणाऱ्याला लिहिलं की संग्राहक म्हणून मला पूर्ण नंबर हवा. बऱ्याच टाळाटाळीनंतर तो आला. शेवटचे चारही आकडे वेगळे.

सकाळी आबा काचेच्या दारापाशी उभे होते. मी ऑफिसात सांगते तसं सांगून टाकलं. ती रायफल तुमची नाही आबा. नंबर जुळत नाही.

त्यांनी मान हलवली. वळले नाहीत. "आन बट?"

सैनिक दस्त्याला बट म्हणतात आणि त्यावरच्या आकड्याला बट नंबर. म्हटलं, बट बदललाय. कुठल्यातरी दुसऱ्या रायफलीचा काढून हिला बसवलाय. आणि बट नंबर काय, तो प्रत्येक कंपनीत असतो, एकोणचाळीस नंबरचे शंभर बट असतील.

"कुणी बदलला?"

कुणी म्हणजे, मी म्हणाले, तुमच्याच सैन्यानं. जुना रंग आहे ना सांध्यावर. कारखान्यात मोडक्या रायफलींचे चांगले भाग काढून दुसऱ्यांना लावत असतील. तुमची रायफल तिथं मोडीत आली असेल आणि तिचा...

मी वाक्य पुरं केलं नाही. आबा आता वळले होते.

"म्हंजे गावली हुती," ते म्हणाले.

मी ओट्यावर हात टेकून उभी राहिले. ज्या बदललेल्या भागामुळे संग्राहक त्या रायफलीला हात लावणार नाही, तोच सांगत होता की आबांची रायफल शत्रूकडे गेली नाही, चिखलात गंजली नाही. कुणीतरी ती उचलली, कोतात आणली, कारखान्यात पाठवली, आणि तिथल्या कारागिरानं दस्ता चांगला आहे म्हणून ठेवून घेतला. पण हे सगळं तो दस्ता आबांचाच असेल तर. तेलात कुंकू कालवणारा आणखी कुणी नसेलच असं कशावरून? लॅबमध्ये मी लिहिलं असतं, शक्य आहे, सिद्ध नाही. हे मी त्यांना म्हटलं आणि म्हटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

आबांना राग नाही आला. ते म्हणाले की खूण आहे. बटाच्या पोटाला, पट्टा अडकवायच्या कडीमागे, लाकूड तडकलं होतं. त्यांच्या आधीच्या कुणीतरी तिथं पितळेची बारीक खीळ ठोकून घेतली होती. रायफल खांद्यावर टाकून चालताना ती डाव्या अंगठ्याला लागायची. ती असली तर बट त्यांचा.

एकाही फोटोत दस्त्याचं पोट नव्हतं. मी विकणाऱ्याला लिहिलं, एक फोटो पाठवा. त्यानं उत्तर दिलं की फोटो भरपूर आहेत, घ्यायची असेल तर घ्या. मी परत लिहिलं की ते डाग रक्ताचे नाहीत, कुंकवाचे आहेत, आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. त्यानं मला ब्लॉक केलं.

मग सुरू झालं ते वाट बघणं, आणि त्यात आम्ही बापलेक सारखेच वाईट. लिलावाचं घड्याळ संपलं, कुणी बोली लावली नाही. दोन दिवसांनी त्यानं रायफल पुन्हा लावली, किंमत नावापुरती कमी. आबा दिवसातून पाचदा विचारायचे, गेली का? मी ऑफिसात सूक्ष्मदर्शकाशेजारी फोन ठेवून पान ताजं करत बसायची. एक सबंध दिवस मी चांगल्या चिपना खोटं ठरवलं, माझ्या हाताखालच्या मुलीनं ते पकडलं. नवरा म्हणाला, घेऊन टाक यार, विषय संपव. मी म्हटलं, त्या लबाडाला रक्ताचे पैसे मी देणार नाही. आणि ठेवू कुठं, उशाशी? मेजरचं म्हणणं होतं, थांबा. रायफल त्यांना तशीही हवी होती, पण योग्य भावात.

आणि एका संध्याकाळी बोली आली. मग दुसरी, मग आणखी वर. बोली लावणारा त्याच आठवड्यात खातं उघडलेला, याआधी त्यानं काही घेतल्याची नोंद नाही. मेजर ओठ आवळून बसले आणि मला डोळ्यांनी खुणावलं, हात लावू नका. घड्याळ शून्यावर आलं. विकली गेली, असं आलं. आबा बाहेर पडले आणि त्या उन्हात रस्त्याच्या टोकापर्यंत लंगडत गेले. मी गाडी घेऊन मागे गेले, तर गाडीत बसेनात. मी ताशी पाच मैलांनी त्यांच्या बाजूनं गाडी चालवत घरापर्यंत आले आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मला रडू येत होतं आणि त्या हॉर्नवाल्यांना उतरून बडवावंसंही वाटत होतं.

आठवड्यात रायफल परत लिलावात दिसली. घेणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, असं कारण लिहिलं होतं. मेजर म्हणाले, घेणारा होताच कुठं. किंमत फुगवायला त्याचाच कुणी मित्र असेल. आता मात्र त्यांनी फोन उचलला. मी त्यांना सगळं लिहून दिलं होतं: घासलेला बोल्ट, वेगळा सात, ताजा डाक, नवी पट्टी, फट असलेला दस्ता. त्यांनी ते एकेक करून शांतपणे वाचून दाखवलं आणि शेवटी संपलेल्या लिलावातल्या भावाइतकी किंमत सांगितली. पलीकडचा बराच वेळ गुरगुरला. मग हो म्हणाला. रक्ताबद्दल मेजरनी एक अक्षर काढलं नाही. नंतर मला म्हणाले की त्याला त्याचं रक्त राहू दे.

रायफल इथं थेट घरी येत नाही, परवान्याची, कागदांची पायरी असते. त्यात दसरा होऊन गेला. मी देवापुढे लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि हट्टानं माझं भिंग मांडलं. आबांनी सगळ्याला कुंकू लावलं, पाण्यात कालवून.

मग एक दिवस मेजरचा फोन आला. मी आबांना सांगितलं तशी ते आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांनी फुलपँट घातली होती, शर्ट आत खोचला होता, सपातांऐवजी बूट होते. दाढी दुसऱ्यांदा केलेली दिसत होती.

गॅरेजमध्ये मेजरनी रायफलीचा बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याचं दाखवलं आणि आबांच्या हातात दिली. आबांनी स्वतःही आत डोकावून खात्री केली. कुंकवाकडे बघितलं नाही. डावा हात दस्त्याच्या खालून सरकत गेला आणि अंगठा कडीमागे थांबला. त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही. समोर भिंतीकडे बघत अंगठा तिथल्या तिथं दोनदा फिरवला.

"हाय," ते म्हणाले.

मी फोन काढला. मला वाटलं, आता ते ती खांद्याला लावतील, जवळ घेतील, एक फोटो घ्यावा, गावाकडे पाठवावा. ज्याला पाठवायला हवा होता तो चुलतभाऊ गेल्या वर्षी गेला होता, हे मला तेव्हाच आठवलं. आबांना ते आठवायची गरज नव्हती. त्यांनी टाचा जुळवल्या, अधू पायाला जमेल तेवढ्या. रायफल दोन्ही हातांवर आडवी धरली आणि मेजरपुढे केली.

"बट नंबर एकोणचाळीस," ते म्हणाले. "जमा."

इतके आठवडे मी समजत होते की त्यांना ती रायफल हवी आहे. त्यांना ती परत करायची होती.

मेजरनी माझ्याकडे बघितलं. आबा काय म्हणाले ते मी सांगायला हवं होतं, पण जमाला इंग्रजीत काय म्हणायचं तेच मी शोधत राहिले. त्यांनी वाट बघितली नाही. पाठ सरळ केली, बोल्ट पुन्हा मागे ओढला, आत पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि रायफल दोन्ही हातांनी घेतली. मिळाली, असं इंग्रजीत म्हणाले. मग ती लोखंडी कपाटात बाकीच्यांच्या ओळीत उभी केली, दार लावलं आणि कुलूप घातलं. आबा कुलूप लागल्याचा आवाज होईपर्यंत टाचा जुळवून उभे होते.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मेजरची प्लास्टिकची मोडकी खुर्ची ओढली आणि बसले. पाठ टेकून, दोन्ही पाय लांब करून.

"च्या हाय का म्हनावं त्येंच्याकडं," ते मला म्हणाले. "घाई न्हाई."